सौजन्याची पाटी नको, दारापाशी रेघ हवी

शहरांतली रेल्वे, मेट्रो आणि बससेवा चालवणाऱ्या, स्थानकं आखणाऱ्या आणि फलाटावरच्या पाट्यांचा मजकूर ठरवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

'सहप्रवाशांशी सौजन्याने वागा' ही पाटी तुमच्या स्थानकांवर कुठे ना कुठे असतेच. तिच्यात चुकीचं काही नाही. पण गाडी समोर येऊन थांबली की पुढच्या चार सेकंदांत काय करायचं, हे ती सांगत नाही. उभं कुठे राहायचं, आधी कोणी निघायचं, पाठीवरची सॅक कुठे घ्यायची, बसायला जागा हवी असेल तर मागायची कशी, यातलं काहीच तिच्यावर नसतं. माणसं एकमेकांना दुखावतात ती याच चार सेकंदांत.

आम्ही स्थानकातली ये-जा मोजणारे, फलाट आणि जिने आखणारे, कर्मचाऱ्यांना प्रवाशांशी बोलायला शिकवणारे लोक आहोत. आमचं म्हणणं एकच आहे. शहरात अनोळखी माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे त्यांच्या स्वभावापेक्षा तुम्ही त्यांना किती सेंटिमीटर आणि किती सेकंद देता, यावर जास्त ठरतं. स्वभाव तुमच्या हातात नाही. सेंटिमीटर आणि सेकंद आहेत.

'लोकांना एकमेकांची पडलेलीच नसते,' असं बैठकांमध्ये सर्रास बोललं जातं. हे आधी सोडून द्यायला हवं, कारण ते खरं नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेला एक प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला. चालत्या डब्यात एक माणूस मुद्दाम कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, कधी अंगाला दारूचा वास. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा परक्या माणसांनी आपणहून हात दिला. दारूचा वास येणाऱ्यालाही ३८ पैकी १९ वेळा मदत मिळाली. अलीकडे लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाउन या शहरांतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली रस्त्यावरची २१९ भांडणं अभ्यासकांनी तपासली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघणारा मध्ये पडलेला दिसला. हीच माणसं सकाळी डब्याच्या दाराशी एकमेकांना कोपरं मारतात. तेव्हा दाराशी काय होतं ते नीट बघू.

मेट्रोच्या डब्याचं दार साधारण १.३ ते १.४ मीटर रुंद असतं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून त्यातून उतरू शकतात. एक मीटर रुंदीतून सेकंदाला एक ते सव्वा माणूस बाहेर पडतो, म्हणजे अशा दारातून वीस जण बारा-पंधरा सेकंदांत उतरायला हवेत. दारासमोर मधोमध चढणारा एकच माणूस उभा राहिला की दोन रांगांची एक होते, तीही तिरकी, आणि तेच वीस जण वीस-पंचवीस सेकंद घेतात. उतरणाऱ्याला वाटतं, हा मुद्दाम आडवा आला आहे. चढणाऱ्याला वाटतं, आता शिरलो नाही तर दार मिटेल. त्याची भीती खोटी नाही. काल त्याच्यासमोर दार मिटलेलं असतं. असे दोन घाबरलेले जीव दीड मीटरच्या फटीत समोरासमोर आणून ठेवायचे आणि वर सौजन्याची अपेक्षा करायची, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

याची किंमत तुम्हालाही मोजावी लागते. दर १२० सेकंदांनी गाडी सुटली तर तासाला ३० गाड्या होतात. वेळापत्रकातली सवड आधीच संपलेली असेल आणि सगळ्यात गर्दीच्या स्थानकात प्रत्येक गाडीला दहा सेकंद जास्त लागले, तर दोन गाड्यांमधलं अंतर १३० सेकंदांवर जातं आणि तासाला २७-२८ गाड्याच निघतात. एका गाडीत हजार माणसं धरली तरी दोन हजारांहून जास्त माणसं फलाटावर मागे राहतात. ती पुढच्या गाडीच्या दाराशी आणखी नेटाने उभी राहतात आणि ते दहा सेकंद पंधरा होतात.

उपाय जमिनीवर आहे. दाराइतक्या रुंदीचा मधला भाग मोकळा आखायचा आणि त्यात बाहेर येणारा एकच मोठा बाण काढायचा. दाराच्या दोन्ही कडांना थांबण्याचे पट्टे काढायचे, त्यात आत जाणारे बाण. एवढं अनेक ठिकाणी केलेलं असतं, तरी चालत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे गाडी खुणेवर थांबत नाही. चालकाच्या हाताने थांबणारी गाडी अर्धा मीटर पुढेमागे झाली तरी मोकळा भाग दाराच्या अर्ध्यावरच येतो, आणि असं दोन-चार वेळा झालं की प्रवासी त्या खुणेकडे बघणंच सोडतात. चालकासाठी थांबण्याची खूण नीट दिसेल अशी नसेल, तर प्रवाशांसाठी रंगावर खर्च करू नका. दुसरं, एकाच फलाटावर वेगवेगळ्या दारांच्या गाड्या येतात. तिथे प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग द्या आणि येणाऱ्या गाडीचा रंग वरच्या फलकावर दाखवा. नाहीतर कोणती रेघ आपली हे कोणालाच कळत नाही.

तिसरी चूक आराखड्यातली आहे आणि ती सगळ्यात जास्त होते. रांगेतला माणूस साधारण अर्धा मीटर जागा घेतो. दहा जणांची रांग म्हणजे पाच मीटर. फलाट चार मीटरचा असेल तर फलाटाच्या कडेपासून सरळ मागे जाणारी ही रांग भिंतीला भिडते, आणि चालत जाणाऱ्या प्रत्येकाला 'जरा जाऊ द्या' म्हणत रांग तोडावी लागते. रांगेतल्या माणसाला तो घुसखोर वाटतो. अशा फलाटावर रांग दाराच्या कडेने वळवून फलाटाला समांतर न्यायला हवी, आणि ती रेघेनेच वळवावी लागते. तोंडी सांगून वळत नाही. शिवाय रांगेची रेघ अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या फरशीवरून कधीही नेऊ नका.

त्या फरशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रोज तिच्यावर पाय ठेवणाऱ्यांनाही ती काय बोलते हे माहीत नसतं. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. लांब उंच पट्ट्या म्हणजे 'या दिशेने चला'. गोल उंचवटे म्हणजे 'थांबा, पुढे कड, जिना किंवा वळण आहे'. डोळस माणसाला ती पिवळी सजावट वाटते, म्हणून तो तिच्यावर बॅग ठेवून उभा राहतो. मग पांढरी काठी त्या बॅगेला लागते आणि अंध प्रवाशालाच 'माफ करा' म्हणावं लागतं. फरशीच्या सुरुवातीला दोन ओळींत तिचा अर्थ लिहा. 'ही वाट न दिसणाऱ्यांची आहे. इथे सामान ठेवू नका, उभे राहू नका.' सौजन्य हा शब्द न वापरता तुम्ही जास्त सौजन्य घडवून आणाल.

आता डब्याच्या आत येऊ. दाराशी माणसं का तुंबतात आणि आत मोकळी जागा का राहते, हा तुमचा नेहमीचा प्रश्न. उत्तर तीन गोष्टींत आहे: दाराशी टेकायला आडोसा असतो, धरायला खांब असतो आणि उतरताना अडकायची भीती नसते. आत यातलं एकही नसतं. मधल्या वाटेत कड्या इतक्या उंच असतात की बुटक्या माणसाला टाचा उचलाव्या लागतात. गाडीने हिसका दिला की तो शेजारच्यावर जातो आणि दोघंही कानकोंडे होतात. हात पूर्ण न ताणता धरता येईल असं काहीतरी वाटेत दर पावलाला हवं. आसनाच्या पाठीला वरच्या कोपऱ्यात बसवलेली मूठ हा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी तुकडा आहे. तिला हात गेला की उंची आड येत नाही. उतरण्याची भीती घोषणेने कमी होते, पण ती वेळेवर हवी. 'पुढील स्थानकात दरवाजे डाव्या बाजूला उघडतील' हे गाडी स्थानकात शिरताना सांगून उपयोग नाही. निदान अर्धा मिनिट आधी सांगितलं, तर मधला माणूस 'तुम्ही उतरताय का?' असं विचारत शांतपणे सरकू शकतो. जगातल्या गर्दीच्या डब्यांत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य बहुधा हेच असेल, आणि ते फार शहाणं वाक्य आहे. 'सरका' म्हटलं की हुकूम होतो. 'उतरताय का?' विचारलं की समोरचा उतरणारा असेल तर पुढे होतो, नसेल तर वाट देतो, आणि दोन्ही वेळा त्याचा मान राहतो. पाटी लावायचीच असेल तर दाराच्या आत हे वाक्य लावा.

सॅकचंही असंच. माणसाच्या देहाची जाडी साधारण ३० सेंटिमीटर, भरलेल्या सॅकची जवळपास तेवढीच. पाठीवर सॅक असलेला एक जण दोघांची जागा खातो. त्यातली अर्धी जागा त्याला दिसत नाही, म्हणून वळताना ती मागच्याच्या तोंडावर येते. छातीवर घेतली की जागा तेवढीच लागते, पण निदान त्याला दिसते. दोन पायांमध्ये जमिनीवर ठेवली तर खांद्याच्या पातळीवर जागा वाचते. फक्त दारापाशी जमिनीवर नको, कारण उतरणाऱ्याचा पाय पट्ट्यात अडकतो. 'सॅक काढा' एवढंच लिहिलं तर लोक ती दारातच खाली ठेवतात. कुठे ठेवायची तेही लिहा.

गर्दीतल्या नजरेकडे तुमच्यापैकी कोणी आजवर बघितलं आहे का, हे आम्हाला ठाऊक नाही, पण बघावं अशी विनंती आहे. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसामाणसांतली अंतरं मांडली. ४५ सेंटिमीटरच्या आतली जागा फक्त जिव्हाळ्याच्या माणसांची, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि तो ज्या समाजात पाहत होता तिथलं होतं. तुम्ही एका चौरस मीटरला सहा माणसं धरून डब्याची क्षमता काढता तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४१ सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन येतो. म्हणजे जी जागा घरच्या माणसांची, तिथे परकी माणसं उभी राहतात. तरी रोज लाखो लोक हे निभावतात, ते कसं? नजर काढून घेऊन. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने १९६३ मध्ये या वागण्याला नाव दिलं. मराठीत त्याला सभ्य दुर्लक्ष म्हणता येईल. आधी क्षणभर बघायचं, म्हणजे 'तुम्ही आहात हे मी पाहिलं', आणि लगेच नजर वळवायची, म्हणजे 'तुमच्यात माझं काही काम नाही'. याला तुसडेपणा समजू नका. इतक्या जवळ उभं राहून दुसऱ्याला एकांत देण्याचा हाच एक मार्ग उरलेला असतो.

पण नजर वळवायला काहीतरी लागतं. मार्गाचा नकाशा फक्त दाराच्या वर असेल, तर मधल्या वाटेत उभ्या असलेल्या माणसासमोर दुसऱ्याचा चेहराच असतो. खिडक्यांच्या वर, दोन्ही बाजूंना, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला वाचण्यासारखं काही ठेवा: नकाशा, पुढच्या स्थानकाच्या बाहेर पडायच्या वाटा, कोणत्या जिन्यासाठी कितव्या डब्यात असावं. दुहेरी काम होतं. एक म्हणजे माहिती मिळते, आणि बाईमाणसाला कोणी टक लावून बघत असेल तर तिलाही मान फिरवायला जागा मिळते, आणि बघणाऱ्याला 'मी नकाशा बघत होतो' ही पळवाट उरत नाही, कारण नकाशा सगळीकडेच आहे.

आसनांबद्दल. तिघांच्या सपाट बाकावर दोन टोकांना दोघं बसले की मधली जागा रिकामी राहते, कारण तिसऱ्याला दोन्हीकडून अंग चोरून बसावं लागणार असतं आणि आपला हक्क कुठून सुरू होतो हे त्याला कळत नाही. बाकाला तीन खोलगट बैठका दिल्या की हा वाद मिटतो. खोलगट भाग रिकामा दिसतो आणि बसलेला माणूस आपणहून गुडघे आत घेतो.

राखीव आसनांची अडचण वेगळी आहे. देणाऱ्याला समजत नाही कोणाला द्यावी, आणि घेणाऱ्याला मागवत नाही. मागणं किती जड जातं, हे स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तपासलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी कसलंही कारण न सांगता बसलेल्यांकडे जागा मागितली, आणि सुमारे ६८ टक्के वेळा ती मिळाली, कोणी उठून तर कोणी सरकून. 'उभं राहून पुस्तक वाचता येत नाही' असं क्षुल्लक कारण जोडलं तेव्हा हे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर आलं. मागणारे मात्र घामाघूम झाले. मिलग्रामच्या स्वतःच्या घशातूनही शब्द बाहेर पडेना. यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. लोक मागितल्यावर देतात, आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. आणि लंगडी सबब सांगण्यापेक्षा साधं, थेट विचारलेलं बरं.

म्हणून राखीव आसनांवर 'गरजूंना जागा द्या' एवढंच न लिहिता, मागणाऱ्यासाठीही एक ओळ लिहा: 'बसायची गरज असेल तर एका व्यक्तीकडे बघून मागा. कारण सांगायची गरज नाही.' साऱ्या डब्याला उद्देशून मागितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी उठेल. एकाच्या डोळ्यांत बघून मागितलं की तो उठतो. ज्यांना तोंडाने मागणं कठीण, त्यांच्यासाठी बिल्ले आहेत. लंडनमध्ये २००५ पासून गरोदर स्त्रियांसाठी आणि २०१७ पासून वरून न दिसणारं दुखणं असलेल्यांसाठी बिल्ला मिळतो. तोक्योने २०१२ मध्ये लाल पट्टीवर पांढरा क्रूस आणि हृदय असलेली खूण काढली. बिल्ला देताना वैद्यकीय कागद मागू नका. खोटे बिल्ले घेणारे चार निघतील, पण कागदाच्या अटीमुळे खरे चाळीस जण मागायलाच येत नाहीत, हे आमचं ठाम मत आहे. आणि तो डोळ्यांच्या पातळीला येईल असा लावायला सांगा. बसलेल्या माणसाला उभ्या व्यक्तीच्या छातीवरचा बिल्ला दिसत नाही; पिशवीच्या पट्ट्यावर, कमरेच्या जरा वर लावलेला दिसतो.

देणाऱ्यालाही रीत शिकवावी लागते. 'बसता का?' विचारलं की भिडेपोटी बहुतेक जण 'नको, नको' म्हणतात. आधी उठायचं, एक पाऊल बाजूला व्हायचं आणि मग हाताने आसन दाखवायचं. नकार आला तर आग्रह करायचा नाही. वय वगैरे बोलायचं तर मुळीच नाही.

वाट विचारणं हा परक्या माणसांतला सगळ्यात जुना व्यवहार. तो बिघडतो प्रश्नामुळे. 'ही गाडी तिकडेच जाते ना?' असं विचारलं की घाईतला माणूस 'हो' म्हणतो, कारण 'हो' म्हणणं सोपं आणि भलेपणाचं वाटतं. 'ही गाडी कुठे जाते?' विचारलं तर त्याला खरं उत्तर द्यावं लागतं, किंवा 'माहीत नाही' म्हणावं लागतं. तुमच्या मदत-कक्षावर प्रश्न असा विचारायला सुचवणारी पाटी लावा. उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही शिकवा: स्वतःचं डावं-उजवं सांगू नका, विचारणारा ज्या बाजूला तोंड करून चालणार आहे त्याच बाजूला तोंड करून उभं राहून दाखवा. एका दमात दोनच वळणं सांगा, तिसऱ्यासाठी 'तिथे पोचलात की पुन्हा विचारा' म्हणा. शेवटी विचारणाऱ्याकडून एकदा वदवून घ्या. पुष्कळ चुका तिथेच पकडल्या जातात. भिंतीवरच्या नकाशांचंही बघा. नकाशाची वरची बाजू म्हणजे बघणाऱ्याच्या समोरची दिशा असायला हवी. उत्तर दिशा वर ठेवायच्या हट्टापायी नकाशा उलटा लागला की माणूस मान वाकडी करून बघतो आणि शेवटी शेजारच्यालाच विचारतो.

अंध प्रवाशाला मदत करण्याचा प्रसंग आम्ही मुद्दाम जवळून सांगतो, कारण इथे भल्या मनाची माणसंच सगळ्यात जास्त चुकतात. काठी बघून मागून येऊन दंड धरायचा आणि ओढत न्यायचं, हे नेहमी दिसतं. ओढल्यामुळे त्याचा तोल जातो, काठी जमीन सोडते आणि पुढची पायरी त्याला कळत नाही. बरोबर रीत अशी. समोरून किंवा बाजूने येऊन आधी बोला: 'नमस्कार, मी मदत करू का?' नको म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तर आपला कोपर पुढे करा; तो कोपराच्या जरा वर धरेल. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, म्हणजे तुमचं शरीर वर-खाली झालेलं त्याला तुमच्या हातातून कळतं. जिन्याशी क्षणभर थांबा आणि 'जिना, वर' किंवा 'जिना, खाली' एवढंच सांगा. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला सांगितलं की पुरे. अरुंद जागी आपला हात पाठीमागे घ्या, तो आपोआप तुमच्या मागे येतो. बसवताना खांदे दाबू नका, त्याचा हात आसनाच्या पाठीवर ठेवा. आणि निघताना सांगून निघा. पुष्कळ जण न सांगता निघून जातात आणि तो माणूस रिकाम्या हवेशी बोलत राहतो. हे सगळं अर्ध्या तासात शिकवता येतं. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, तिकीट देणारे, सगळ्यांना शिकवा. फक्त अधिकाऱ्यांना नको. व्हीलचेअरलाही हाच नियम: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हातांच्या टेकूला धरून उचलायचं नाही, कारण काही खुर्च्यांचे टेकू हातात निघून येतात.

सरकत्या जिन्यावर 'उजवीकडे उभे राहा, डावीकडून चाला' हा नियम बऱ्याच शहरांत पाळला जातो आणि तो मोडणाऱ्यावर लोक चिडतात. तो सगळीकडे योग्य नाही. लंडनच्या होबर्न स्थानकात, जिथे जिना २३ मीटरहून उंच चढतो, २०१५ मध्ये तीन आठवडे दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगितलं, तेव्हा गर्दीच्या तासात एरवीपेक्षा पाव हिश्शाहून अधिक जादा माणसं वर गेली. कारण सोपं आहे: इतक्या उंच जिन्यावर चालणारे थोडेच, म्हणून चालायची बाजू अर्धी रिकामी राहते. तरी पुढे तो नियम कायम झाला नाही. चालायची सवय असलेले नाराज झाले. आमचा सल्ला असा की कमी उंचीच्या जिन्यावर चालायची बाजू ठेवा, उंच जिन्यावर गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगा, आणि ते जिन्याच्या तोंडाशी माणूस उभा करून सांगा.

छेडछाडीबद्दल लिहिताना मन जड होतं, तरी तपशिलातच लिहितो. डब्यात कोणी स्त्रीला त्रास देत असेल तर आजूबाजूच्यांना दिसतं, पण काय करावं हे सुचत नाही. भांडण अंगावर येईल याची भीती असते. सगळ्यात सोपी आणि सुरक्षित कृती त्रास देणाऱ्याकडे न बघता करता येते: त्रास होत असलेल्या व्यक्तीशी बोला. 'पुढचं स्थानक कोणतं?' किंवा 'इकडे जागा आहे, येता का?' एवढ्याने ती एकटी राहत नाही. नंतर विचारा, 'तक्रार करायची आहे का? मी थांबतो.' चित्रण केलं असेल तर तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचं नाही. हे तुम्ही डब्यात लिहू शकता. त्याहून महत्त्वाचं, डब्याचा क्रमांक आणि दाराचा क्रमांक प्रत्येक दाराच्या आत, डोळ्यांच्या उंचीला, ठळक लिहा. आज तो क्रमांक बहुधा डब्याच्या टोकाला किंवा बाहेरच्या अंगाला असतो. फोनवर तक्रार करणाऱ्याला 'कोणता डबा?' विचारलं की तो गोंधळतो, आणि तेवढ्यात गाडी पुढच्या स्थानकात पोचते. हा काही पैशांचा मोठा प्रश्न नाही. चिकटपट्टीचं काम आहे.

तोच क्रमांक कोणी आजारी पडलं तरी लागतो. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये असेल तर साखळी ओढून मदत येत नाही, उलट ती लांबते. बोलायचं बटण दाबून डबा क्रमांक सांगावा आणि गाडी फलाटाला लागू द्यावी. चक्कर आलेल्याला आडवं करून पाय उंच करावेत. फेफरं आलं असेल तर तोंडात काही घालू नये, हातपाय दाबू नयेत, डोक्याखाली मऊ काही द्यावं, घड्याळ बघावं आणि झटके थांबले की कुशीवर वळवावं. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर रुग्णवाहिका. या चार ओळी बटणाशेजारी हव्यात, संकेतस्थळावर नकोत.

एक गोष्ट तुमच्या कागदावर कुठेच नसते. मिलग्रामनेच १९७२ मध्ये दाखवलं की रोज एकाच फलाटावर उभ्या राहणाऱ्यांपैकी जवळपास नव्वद टक्के लोक निदान एका तरी माणसाला चेहऱ्याने ओळखतात, जरी त्याच्याशी कधी बोललेले नसले. हे ओळखीचे परके शहराचं मोठं धन आहेत. रोजचा माणूस आज दिसला नाही हे त्यांनाच कळतं. अडचण आली की तेच आधी पुढे येतात. ते तयार होतात गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळी, त्याच दाराशी थांबते म्हणून. कारण नसताना फलाट बदलणं, डब्यांची संख्या पुढेमागे करणं, थांबा चार खांब पलीकडे नेणं, यात तुम्ही काय मोडता ते वेळापत्रकात दिसत नाही. बदल अटळ असेल तर आठवडाभर आधी, त्याच दाराशी, जमिनीवर लिहून सांगा.

गप्पांचं थोडक्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या प्रयोगांत, शेजारच्याशी बोलायला सांगितलेल्या प्रवाशांना प्रवास जास्त आनंदाचा गेला, जरी आधी विचारलं तेव्हा लोकांचा अंदाज उलटा होता. यावरून 'गप्पांचा डबा' वगैरे काढू नका. बोलणं आपलं आपण सुरू झालं तरच चांगलं. कानात इयरफोन, एका शब्दात उत्तर, खिडकीकडे वळलेले खांदे, यांचा अर्थ 'नको' असा होतो, आणि तो मानला जायला हवा.

आता मागणं. हे सगळं एकदम करा असं आम्ही म्हणत नाही. एक स्थानक घ्या, त्यातलं सगळ्यात जास्त भांडणं होणारं एक दार घ्या. गर्दीच्या तासात दोन माणसं तिथे उभी करा, एक घड्याळ घेऊन, एक वही घेऊन. लागोपाठ वीस गाड्यांसाठी पाच गोष्टी लिहा: दार खुणेपासून किती सेंटिमीटर हुकलं, शेवटचा उतरणारा किती सेकंदांनी बाहेर पडला, पहिला चढणारा त्याच्या आधी शिरला की नंतर, किती जण मागे राहिले आणि आतल्या मधल्या वाटेत जागा होती की नव्हती. कोण कोणाला काय बोललं तेही एका रकान्यात लिहा, नावं न विचारता. मग रेघा आखा, मुठी बसवा, घोषणा अर्धा मिनिट आधी घ्या, आणि तीन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच दाराशी तीच वही घेऊन पुन्हा उभे राहा.

आपले,
फलाट मोजणारे, आखणारे आणि त्यावर उभं राहून शिकवणारे आम्ही काही जण